पंखाखालची शीर

१८ फेब्रुवारी २०२५, लँकेस्टर
एकोणीस वर्षं झाली. नवापूरला फोन केला. आबांनी तारखेचा विषय काढला नाही. मीही नाही. गुडघा, थंडी, कांद्याचा भाव.

२० फेब्रुवारी
अर्ज पाठवला. राज्याच्या कृषी खात्याचा वर्ग आहे. परीक्षा पास झालं की कोंबड्यांची आरोग्य तपासणी करायचा परवाना मिळतो.
नवरा म्हणाला, "आपल्या अकरा कोंबड्यांसाठी?"
अकरांसाठी नाही, एवढंच म्हटलं.

२३ फेब्रुवारी
मिडल क्रीकच्या तळ्यावर गेलो. स्नो गूज उतरलेत. उत्तरेकडे जाताना दरवर्षी याच दिवसांत इथे थांबतात. हजारोंनी. एकदम उठले की आवाज छातीत जाणवतो. लोक मुलांना खांद्यावर घेऊन दाखवत होते.
मी सारखी खाली बघत होते. बुटांच्या तळव्याला विष्ठा लागलीय का.
घरी आल्यावर बूट अंगणातच ब्रशने घासले, ब्लीचच्या पाण्यात बुडवले. खुराड्यात जायचे बूट आजपासून वेगळे.

३ मार्च
दुकानात अंड्यांचं कपाट अर्धं रिकामं. एका गिऱ्हाइकाला दोनच डझन, अशी पाटी. पुढची बाई म्हणाली, हा सगळा दुकानदारांचा खेळ आहे. मी गप्प बसले. एका लेअर फार्मवर दहा लाख पक्षी असू शकतात, आणि एकात रोग सापडला की सगळे जातात, हे रांगेत कसं सांगायचं.

८ मार्च
पुस्तिका आली. रात्री दीडपर्यंत वाचली.
नॅशनल पोल्ट्री इम्प्रूव्हमेंट प्लॅन. सुरुवात १९३५. कारण पांढरी हगवण. पुलोरम. हा जंतू रेटगर नावाच्या शास्त्रज्ञाने १८९९ साली शोधला. त्या काळी पिलांच्या तुकड्याच्या तुकड्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मरायच्या. पाठीमागे पांढरी विष्ठा चिकटलेली, पंख लोंबलेले, ऊब शोधत एकमेकांवर चढलेली पिलं.
मुख्य गोष्ट ही: आई धडधाकट दिसते. खाते, पिते, अंडी देते. जंतू तिच्या अंडाशयात असतो. अंड्यातून पिलात उतरतो. बघून कळत नाही. रक्तच बघावं लागतं.
म्हणून तपासणी. मोठ्या फार्मांतून हा रोग इथे गेल्यातच जमा आहे. अधूनमधून सापडला तर परसातल्या कळपात.
योजनेत सक्ती नाही. ज्याला यायचं त्याने यावं. दोनदा वाचलं.

९ मार्च
पिलांची पाठ चिकटलेली असली की आजी कोमट पाण्याच्या फडक्याने पुसायची. आईच्या रक्ताचा विचार कुणी केला असता?

१२ मार्च
इथे न्यूकॅसल म्हणतात, आपल्याकडे राणीखेत. आजी मानमोडी म्हणायची. रोग एकच. न्यूकॅसल इंग्लंडमधलं गाव, राणीखेत कुमाऊंमधलं. दोन गावांच्या कपाळी कायमचं लागलं.
नवापूरचं नाव रोगाला लागलं नाही. पण नाशिकला कॉलेजात असताना, "गाव कोणतं?" "नवापूर." "म्हणजे ते बर्ड फ्लूवालं?" तीन वर्षं हेच.

१६ मार्च
२००६ मध्येही सगळे आधी मानमोडीच म्हणत होते. माना वाकड्या, तुरा काळानिळा, पडलेल्या कोंबड्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले तेव्हा खरं नाव कळलं. एच५एन१. देशात पहिल्यांदा.
मी तेरा वर्षांची. पांढऱ्या पोशाखातली माणसं, डोळे तेवढे दिसत. जेसीबी. चुन्याची पोती.
सगळ्यात आठवते ती शांतता. आमच्या शेडमधला आवाज मला कधी आवाज वाटलाच नव्हता. तीन हजार कोंबड्या. थांबला तेव्हा कळलं की तो होता.
खाद्याची पोती वर्षभर पडून राहिली. किडे झाले. आबांनी ती कुणाला दिली नाहीत, फेकलीही नाहीत.

२२ मार्च
पहिला वर्ग, ऑनलाइन. विषय: रोग एका फार्मवरून दुसऱ्यावर कसा जातो.
बूट. गाडीचे टायर. कपडे. हात. मेलेले पक्षी नेणारी गाडी. उंदीर. अंड्यांचे ट्रे.
ट्रे. पुठ्ठ्याचे असले तर परत वापरायचेच नाहीत. प्लास्टिकचे असले तर धुऊन, औषधात बुडवून, वाळवून.
आमच्याकडे पुठ्ठ्याचे होते. एकावर एक रचून सुतळीने बांधलेले. मी त्यावर बसून अभ्यास करायची.

२४ मार्च
एका दिवसात एकाच कळपाची तपासणी. नंतर अंघोळ, कपडे गरम पाण्यात. स्वतःच्या कोंबड्यांकडे शेवटी, किंवा दुसऱ्या दिवशी.

५ एप्रिल
प्रात्यक्षिक. मोठं लाकडी कोठार, भुश्शाचा वास. आम्ही चौदाजण. दोघे अ‍ॅमिश, गवती टोप्या काढून हातात धरलेले. शिकवणाऱ्या डॉक्टरबाई साठीच्या पुढच्या. पांढरे ओव्हरऑल, प्लास्टिकचे बूट, दारात औषधाचं घमेलं. पाय बुडवल्याशिवाय आत नाही.
पांढरे ओव्हरऑल घालताना हात थांबले. मग घातले.
कोंबडी कुशीवर आडवी धरायची. एक पंख वर उचलायचा. कोपराजवळ आतल्या बाजूची चार-सहा पिसं उपटायची. ओला कापूस फिरवायचा. कातडी पारदर्शक, त्याखाली निळी शीर दिसते, हाडावरून तिरकी गेलेली. सुईचं टोक हलकेच.
पहिली कोंबडी: शीर चुकली. दुसरी: शीर आरपार, कातडीखाली काळानिळा फुगा आला. अंगठ्याने दाबून धरला. कोंबडी ओरडली नाही. माझ्याकडे एका डोळ्याने बघत राहिली. तिसरी: थेंब आला. लाल, गोल, स्वच्छ.
बाई म्हणाल्या, "आता श्वास सोड."

तोच दिवस, रात्री
उरलेलं विसरायच्या आत.
काचेची पाटी, चौकोन आखलेले. अँटिजेन फ्रीजमध्ये ठेवायचं, वापरायच्या आधी खोलीच्या उबेला आणायचं, बाटली नीट हलवायची. जांभळं असतं. मेलेले जंतूच ते, रंग दिलेले. एका चौकोनात अँटिजेनचा एक थेंब. तारेचं बारीक कडं म्हणजे लूप. रक्तात बुडवून अलगद वर घ्यायचं. कडेने बघितलं की रक्त कड्यातून किंचित फुगलेलं दिसलं पाहिजे. मग माप बरोबर. थेंबात मिसळायचं, रुपयाच्या नाण्याएवढं पसरायचं. पाटी गोल गोल झुकवायची. दोन मिनिटं. लूप पाण्यात धुवायचं, टिपकागदाला टेकवायचं. पुढची कोंबडी.
रोग नसला तर थेंब एकसारखा राहतो, धुरकट जांभळा.
रोग असला तर कसा दिसतो ते बाईंनी बाटलीतल्या रक्तजलावर दाखवलं. आधी काहीच नाही. मग थेंबात हालचाल. दूध नासतं तसं. जांभळ्या गुठळ्या, मध्ये स्वच्छ पाणी. चौदाजणांपैकी कुणी बोललं नाही.
दोन मिनिटांनंतर थेंब सुकायला लागतो, कडेला रवाळ दिसतं. ते धरायचं नाही. आणि त्याच्या आत दिसलं तर सोडायचं नाही.

६ एप्रिल
डाव्या मनगटावर तीन ओरखडे. हळद लावली.

१२ एप्रिल
बर्ड फ्लूचा नमुना घ्यायला शिकले. चोच उघडायची, टाळूला मधोमध जी चीर असते तिथे स्वॅब फिरवायचा. पाच कोंबड्यांचे पाच स्वॅब एका नळीत. नळीत पोषक द्राव. बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत.
आमच्या गटातल्या अ‍ॅमिश आजोबांचा हात इतका हलका की कोंबडी डोळे मिटते. विचारलं, कसं जमतं. म्हणाले, घाईत असलो की तिला आधी कळतं.

१३ एप्रिल
आपल्या अकरांवर सराव. नऊ झाल्या. ब्रह्मा जातीची मोठी कोंबडी हाती लागली नाही. ब्रह्मपुत्रेवरून नाव पडलं तिचं, जात वाढवली मात्र अमेरिकेत. एक खुडूक बसलीय, तिला उठवलं नाही.

१४ एप्रिल
दोघी राहिल्या म्हणून झोप लागली नाही. सकाळी सहाला टॉर्च घेऊन गेले, दोघींचं रक्त घेतलं. सगळ्या स्वच्छ.

२६ एप्रिल
परीक्षा. लेखी आणि हाताची.
एक प्रश्न: कोंबड्या अचानक मरत आहेत, मालक म्हणतो चार दिवस वाट बघू. तुम्ही काय कराल?
उत्तर एका ओळीचं. वेळ सगळ्यात जास्त त्यालाच लागला.

९ मे
पास. पोस्टाने कार्ड आलं. त्यावर माझा नंबर. आता माझ्या सहीला अर्थ आहे.

१० मे
आबांना फोनवर कार्ड दाखवलं. चष्मा लावून नीट बघितलं. तपासणी कशी करतात ते सगळं विचारलं. पोल्ट्री बंद करून इतकी वर्षं झाली, तरी प्रश्न बरोबर विचारतात. सुई कोणत्या नंबरची, रक्त किती, अँटिजेन कुठे मिळतं.
"किती वेळ लागतो बेटा, कळायला?"
"पांढऱ्या हगवणीला दोन मिनिटं. फ्लूला प्रयोगशाळा, एक-दोन दिवस."
"एक-दोन दिवस," म्हणाले. मग फोन आईकडे दिला.

२ जून
पहिलं बोलावणं. दोन मैलांवरचं घर, दहा वर्षांचा मुलगा, कोंबड्या त्याच्या. सप्टेंबरच्या जत्रेत न्यायच्यात. तपासणीच्या कागदाशिवाय आत घेत नाहीत. कोंबड्या किती, वय काय, विचारून घेतलं. तेवीस. सगळ्या चार महिन्यांच्या पुढच्या. चार महिन्यांच्या आतली तपासून उपयोग नसतो.

७ जून
सकाळी आठ. ऊन वाढायच्या आधी. पाटी मेपलच्या सावलीत, टेबल पाणसळीने सपाट केलेलं.
मुलगा स्वतः कोंबड्या धरत होता. छान धरतो. प्रत्येकीच्या पायात नंबरची पट्टी, त्याच्या वहीत नंबरापुढे नाव.
एक ते सतरा स्वच्छ.
अठरावी बिस्किट. बदामी रंगाची, पायांवर पिसं. त्याची लाडकी, हे तो दोनदा बोलला. शीर लगेच सापडली. थेंब मिसळला, पाटी झुकवली.
चाळीस सेकंदांनी हालचाल.
एक मिनिटाने नासलं.
घड्याळाकडे बघितलं. परत थेंबाकडे. नवा चौकोन, नवं अँटिजेन, नवं रक्त. तेच.
एकोणीस ते तेवीस स्वच्छ.
मुलाने विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत होता.
त्याची आई मला बाजूला घेऊन गेली. आवाज खाली. ही घरीच ठेवू, जत्रेत नेणार नाही. फॉर्मवर बावीस लिहिलं तर?
वाईट बाई नाही. तिच्या जागी कुणीही विचारलं असतं. कुणीतरी विचारलं असेलच, कुठे ना कुठे.
मी तेवीस लिहिलं. रिॲक्टर: एक. पट्टीचा नंबर.

त्याच दिवशी, दुपारी
राज्याच्या कार्यालयात कळवलं. नियम असा: रिॲक्टर चार किंवा चारांहून कमी असले तर सगळे प्रयोगशाळेत. दहा दिवसांच्या आत. जंतू शोधायचा तर यकृत, प्लीहा, अंडाशय तपासतात. म्हणजे पक्षी परत येत नाही.
हे मुलाला मी सांगितलं. त्याच्या आईला सांगू दिलं नाही. ते माझं काम.
त्याने खोक्यात गवत अंथरलं. नको तेवढं अंथरलं.

८ जून
अंगाला भुश्शाचा वास येतो असं वाटतं. दोनदा अंघोळ केली.

९ जून
आपल्याला थेंब चुकीचा दिसला असेल का? बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "दिसलं ते लिहिलंस ना? मग पुढचं काम प्रयोगशाळेचं. चूक तुझ्या डोळ्याची असली तर तीही तिथेच कळेल. न लिहिलेलं कुठेच कळत नाही."

११ जून
आबांना सांगितलं. मुलगा, बिस्किट, आई काय म्हणाली ते, सगळं. ते ऐकत होते. तिकडे पहाटेचे पाच.
मग म्हणाले, "मी चौदा पुरल्या होत्या."
मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.
"पहिल्या दिवशी चौदा मेल्या. शेडच्या मागे खड्डा केला, रात्री. तुझ्या आईलाही सांगितलं नाही. मानमोडी असेल, लस टोचू, थांबेल. चार दिवस थांबलो. दुसऱ्या दिवशी ट्रे घेऊन तुझ्या काकांकडे गेलो. त्यांचे होते, परत द्यायचे होते. तीन ट्रे."
काकांची पोल्ट्री दीड मैलावर. त्यांच्याकडे आमच्यानंतर आठवड्याने मेल्या. ते त्यानंतर आमच्या घरी जेवायला आले नाहीत. मला वाटायचं जमिनीचं भांडण आहे.
"ट्रेनेच गेलं असं कुणी सांगू शकत नाही, आबा. तेव्हा सगळ्या गावात मरत होत्या."
"सांगू शकत नाही," म्हणाले. "तेच तर."

१२ जून
आजही आबांचाच फोन, त्यांनी लावलेला. एरवी कधी लावत नाहीत.
"वही ठेवतेस ना तू? त्यात लिही. तारीख टाकून लिही."

२० जून
प्रयोगशाळेचा निकाल. पुलोरम नाही. कोंबड्यांचा टायफॉइडही नाही. दुसऱ्या कुठल्या तरी जंतूशी तिच्या रक्ताची गाठ पडलेली होती, त्यामुळे अँटिजेन गोठलं. असं होतं, पुस्तिकेत लिहिलंय. पण खात्री करायला वाट ही एकच.
कळप स्वच्छ धरला जाणार. मुलाला कागद मिळणार.

२१ जून
स्वतः जाऊन सांगितलं. अंगणातूनच, खुराड्याकडे गेले नाही.
मुलाने विचारलं, "म्हणजे तिला काहीच नव्हतं?"
"हा रोग नव्हता."
"आणि असता तर?"
"तर बाकीच्या बावीस, त्यांची अंडी, त्या अंड्यांतली पिलं. आणि जत्रेत शेजारच्या पिंजऱ्यातल्या."
बराच वेळ उभा होता. मग वही आणली. बिस्किटच्या नावापुढची जागा रिकामी होती. काय लिहू, विचारलं. मी म्हटलं, जे झालं ते. त्याने लिहिलं: तपासणीसाठी दिली. खाली तारीख.
त्याची आई दारात उभी होती. आत बोलावलं नाही. जाताना हात हलवला.

२२ जून
वर्गातल्यांपैकी कुणी हे वाचेल असं नाही. तरी पुढे कधी डगमगले तर माझ्यासाठीच लिहून ठेवते. तपासणाऱ्याचं काम कोंबडी वाचवणं नाही. कळवणं आहे. वाचतात त्या कळवण्याने वाचतात. कुठल्या, ते कधी दिसत नाही.

२३ जून
आबांच्या सांगण्यावरून, त्यांच्या शब्दांत, आज नोंदवलं:
फेब्रुवारी २००६, नवापूर. लेअर कोंबड्या ३,०००. पहिल्या दिवशी मेलेल्या १४. खड्ड्यात पुरल्या. चार दिवस कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचे ट्रे ३, न धुता, भावाच्या पोल्ट्रीवर नेले.
त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, बरोबर आहे.